मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही: खान्देशातून गाडीच्या निदानात आणि डिझाइनमध्ये कसं शिरायचं

गाडीचं काम शिकायचं म्हणजे गॅरेजात हेल्पर म्हणून लागायचं, वर्षभर डिझेलमध्ये पार्ट धुवायचे आणि उस्ताद कधी पाना हातात देतो याची वाट बघायची. हा रस्ता खान्देशात अजून चालू आहे. त्या रस्त्याने आलेले उत्तम मिस्त्री धुळ्याच्या आग्रा रोडवर, जळगावच्या अजिंठा चौफुलीकडे आजही भेटतात. नुसता आवाज ऐकून कुठला टॅपेट (इंजिनाचा व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) ढिला आहे ते सांगतील. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा कडक नियम लागू झाला आणि बहुतेक मोटारसायकलींचासुद्धा कार्ब्युरेटर गेला. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम आले, म्हणजे कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) थेट केळीच्या बागेपर्यंत पोचले. कानाला कळणारे बिघाड कमी झाले, मीटरला कळणारे वाढले.

दहावी-बारावीनंतर या कामात उतरायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. बाकी सगळं एका सवयीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो: मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही.

आधी ठरवा: शोधायचंय की घडवायचंय

निदान आणि डिझाइन ही दोन वेगळी कामं आहेत. निदानवाला बिघडलेल्या गाडीपुढे उभा असतो, गिऱ्हाईक डोक्यावर असतं, आणि कारण आजच सापडायला हवं असतं. डिझाइनवाला अजून न बनलेल्या वस्तूवर महिनोन्‌महिने कॉम्प्युटरपुढे बसतो. शाळेत प्रयोग आवडायचे, बंद रेडिओ उघडून बसायची सवय होती, तर पहिला रस्ता. भूमितीची आकृती वहीत नीट काढल्याशिवाय चैन पडायचं नाही, तर दुसरा. नक्की ठरत नसेल तर निदानापासून सुरुवात करा. वस्तू कुठे आणि का मोडते हे पाहिलेला माणूस नंतर डिझाइनमध्ये गेला तर त्याचं ड्रॉइंग वेगळंच असतं. उलट दिशेने येणारे फार थोडे.

प्रवेश: आयटीआय की डिप्लोमा

दहावीचा निकाल लागला की व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची आयटीआय प्रवेशाची ऑनलाइन प्रक्रिया सुरू होते. नोंदणी करायची, कागदपत्रं तपासून घ्यायची, विकल्प भरायचे, मग फेऱ्या लागतात. आपल्याकडे मुलं मार्कांनी कमी आणि कागदांनी जास्त मागे पडतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास हे निकालानंतर काढायला गेलात तर सेतू केंद्रावर अर्धा तालुका रांगेत असतो. मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातल्या मुलांनी वसतिगृहाचा अर्जही सोबतच भरावा. जागा मिळाली आणि राहायची सोय नाही, म्हणून प्रवेश सोडणारे दरवर्षी असतात.

ट्रेड निवडताना नावाला भुलू नका. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा आहे, मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. घरची घाई असेल तर एक वर्षाचा बरा वाटतो. तरी जमत असेल तर दोन वर्षांचाच घ्या. दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही शिडी पुढे कधी लागेल सांगता येत नाही. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हाही आता दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण सगळ्या आयटीआयमध्ये नाही. मोटर व्हेइकलला नंबर लागला नाही आणि इलेक्ट्रिशियनला लागला, तर वाईट वाटून घेऊ नका. आजच्या गाडीतले निम्मे तंटे करंटचेच असतात, आणि ज्याला सर्किट कळतं त्याला इंजिन शिकवणं सोपं जातं. डिझाइनकडे जायचं असेल तर ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, तोही दोन वर्षांचा.

डिप्लोमाला दहावीत किमान ३५ टक्के लागतात, कोर्स तीन वर्षांचा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे. ऑटोमोबाइल शाखा हवीच असा हट्ट नको, मेकॅनिकल चालतं. गाडीचं ज्ञान शिकाऊ उमेदवारीत, म्हणजे अप्रेंटिसशिपमध्ये, भरून निघतं. आयटीआयवरून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना गणित नडतं. आयटीआय संपून डिप्लोमा सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आणून बसा, नाहीतर पहिलीच परीक्षा अंगावर येते.

पहिले सहा महिने फक्त मीटर

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर नंतर. आधी हजार-दीड हजारातला बरा डिजिटल मीटर घ्या आणि घरातल्या, शेजारच्या, मामाच्या गाडीवर मोजत सुटा.

बॅटरीपासून लागा. गाडी रात्रभर उभी आहे, सगळं बंद आहे, तर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली पडायला नको. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. नव्या काही गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे १२.८ दिसलं म्हणून डायनामो उतरवू नका. आधी हेडलाइट लावून आकडा हलतो का बघा.

मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीपर्यंतचं अर्थिंग. सेल्फ जड फिरतोय, बॅटरी नवी आहे, तरी जड. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं थेट इंजिनाच्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आत असेल तर अर्थ ठीक. ०.७, ०.८ आला तर तेवढं व्होल्टेज वाटेत अर्थच्या केबलमध्येच खर्च होतंय: केबलच्या टोकाचा गंजलेला लग, ढिला नट, नाहीतर आतून तुटलेल्या तारा. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. आपल्याकडे पाऊस, शेतातला चिखल आणि मार्चपासूनची धूळ यामुळे अर्थ खराब होण्याचं प्रमाण भरपूर, आणि ही टेस्ट करणारे कमी. बऱ्याच गाड्यांचे सेल्फ याच कारणाने उगीच बदलले जातात.

आणखी एक प्रयोग करा, कारण तो पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या. १२ व्होल्टवर तो साधारण ४.६ अँपिअर खातो, म्हणजे ओहमच्या नियमाने त्याचा रोध २.६ ओहम यायला हवा. आता थंड बल्बवर मीटर लावा. अर्ध्या ओहमच्याही खाली आकडा येईल. मीटर खराब नाही. तापलेल्या फिलामेंटचा रोध थंडपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून जे सर्किट लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, चालतं ते लोडवरच मोजायचं. बाहेर काढून, टेबलावर ठेवून घेतलेला आकडा फसवू शकतो. हे एकदा हाताने अनुभवलं की पुढे वायरिंग तपासताना तुम्ही आपोआप कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) जोडलेला ठेवून मागून पिन लावायला शिकता.

मग स्कॅनर, आणि त्याची हद्द

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायचा सोळा पिनांचा सॉकेट असतो. सोळा नंबरची पिन बॅटरीचा प्लस, चार आणि पाच अर्थ, सहा आणि चौदा कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी). कोडच्या पहिल्या अक्षरावरून खातं कळतं: पी इंजिन-गिअरचं, बी बॉडीचं, सी चेसिसचं, यू आपसातल्या संपर्काचं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग, तिथे इंधन नीट पेटत नाही. मिसिंग का, ते कोड सांगत नाही. प्लग, कॉइल, इंधन फवारणारा नोझल, कॉम्प्रेशन, वायर, काहीही असू शकतं. कोड हा तक्रार अर्ज आहे, चौकशी तुम्हालाच करायची आहे.

रावेरहून केळी भरून निघालेली पिकअप घ्या. रिकामी पळते, माल भरला की चढावर दम सोडते, पिवळी लाइट लागते. स्कॅनर पी००८७ देतो: रेलमध्ये डिझेलचं प्रेशर कमी. इथे घाईचा मिस्त्री हाय प्रेशर पंपाचं एस्टिमेट काढतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. तुम्ही स्कॅनरवर लाइव्ह डेटा (चालू इंजिनाचे त्या क्षणाचे आकडे) उघडा आणि दोन आकडे शेजारी लावा: ईसीयूने मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष आलेलं. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना दोन्ही ३०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास जुळतात. मालाच्या ओझ्याने चढताना मागणी हजार बारच्या पुढे जाते आणि प्रत्यक्ष आकडा मागे राहतो. म्हणजे तक्रार खरी आहे.

आता टाकीकडून इंजिनाकडे, डिझेलच्याच वाटेने चला. फिल्टर शेवटचा कधी बदलला? तळाचा स्क्रू ढिला करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, खाली पाणी बसतं का बघा. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. त्यात बुडबुडे धावत असतील तर वाटेत कुठेतरी हवा घेतोय. हे सगळं बरं निघालं तर नोझलची रिटर्न टेस्ट: प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला एकसारखी बाटली लावा, ठरावीक वेळ इंजिन चालवा आणि पातळी बघा. तीन बाटल्या सारख्या आणि चौथी भरून वाहतेय, तर तो नोझल प्रेशर परत टाकीत सोडतोय. पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी. आणि चालू इंजिनावर कॉमन रेलची जाड नळी कधीही ढिली करायची नाही, गळती बोटाने चाचपायची नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, आणि मग मलम लावून भागत नाही, तडक दवाखाना गाठावा लागतो.

दुसरा नेहमीचा प्रकार उंदराचा. कापसाच्या किंवा भुईमुगाच्या साठ्याशेजारी उभी असलेली गाडी सकाळी चालू होत नाही, आणि स्कॅनर एकदम चार-पाच सेन्सरचे कोड देतो. चार सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत. ईसीयू बऱ्याच सेन्सरांना एकाच लाइनवरून ५ व्होल्ट देतो, आणि त्यातली एक वायर कुरतडून अर्थला लागली की सगळ्यांचा पुरवठा बसतो. मीटर त्या ५ व्होल्टच्या वायरवर ठेवा आणि एकेक कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही आले नाहीत, तर वायरिंगची टेप उघडा.

कॅन लाइनसाठी एक सोपी मोजणी वहीत लिहून ठेवा. बॅटरीची केबल काढा, सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात, म्हणून आकडा ६० यायला हवा. १२० आला तर एक बाजू तुटली. शून्याच्या जवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या.

यासाठी वायरिंग डायग्राम वाचता यायलाच हवा, आणि तो इंग्रजीतच मिळतो. घाबरण्यासारखं काही नाही, तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. रोज एका सर्किटवर फ्यूजपासून अर्थपर्यंत पेन्सिल फिरवा.

शिकाऊ उमेदवारी: इथे घाई करू नका

आयटीआयचं प्रमाणपत्र हातात आलं की ओळखीच्या गॅरेजात पगारावर बसायचा मोह होतो. त्याआधी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अप्रेंटिसशिप करा. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून अर्ज करता येतो, विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. डिप्लोमावाल्यांची वेगळी एक वर्षाची योजना आहे, ती मुंबईचं अप्रेंटिसशिप बोर्ड बघतं.

जागा घराजवळही असतात. एसटीचे धुळे आणि जळगाव विभाग मेकॅनिक मोटर व्हेइकल, डिझेल आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना घेत आले आहेत. डेपोत एकाच बनावटीच्या गाड्या सतत येतात, त्यामुळे एकच बिघाड पुन्हा पुन्हा बघून हात बसतो. कंपनीच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दुसरा फायदा: कंपनीचा स्कॅनर, सर्व्हिस मॅन्युअल आणि कंपनीचं स्वतःचं प्रशिक्षण. तोटा असा की पहिले काही महिने ऑइल बदलणं आणि गाड्या धुण्यातच जातात. तिथे निदान करणारा जो सीनियर असेल त्याच्यामागे फिरा, त्याची जॉब कार्डं वाचा. अठरा पूर्ण झाल्या झाल्या चारचाकीचं लायसन काढा. टेस्ट ड्राइव्ह घेता येत नसेल तर निदानाची अर्धी कामं तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

वही ठेवा. तक्रार, मोजलेले आकडे, निघालेलं कारण, एवढ्या तीन गोष्टी. मुलाखतीला प्रमाणपत्रापेक्षा ही वही जास्त बोलते.

इलेक्ट्रिक गाड्या

शहरात फिरणाऱ्या ई-रिक्षांवर शिकायला सुरुवात करता येते, त्यातल्या बऱ्याच ४८ व्होल्टच्या असतात. तरी अंगठी-कडं काढूनच हात घाला, शॉर्ट झाला तर धातू तिथल्या तिथे तापतो. मोठ्या गाडीतल्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला मात्र रीतसर प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, कोणी कितीही धीर दिला तरी. ६० व्होल्ट डीसीच्या वर जिवाला धोका धरतात आणि कारमध्ये त्याच्या कितीतरी पट असतं. सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढल्यावरही कॅपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबावं लागतं, मग हजार व्होल्टला चालणाऱ्या मीटरने शून्य आहे याची खात्री, मग काम. रबरी हातमोजे रोज हवा भरून तपासायचे.

डिझाइनचा रस्ता

इथेही दोन फाटे आहेत, आणि क्लासवाले ते एकाच पाटीखाली विकतात. गाडी दिसेल कशी हे ठरवणारा वेगळा, तो कलेकडून येतो. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा, आणि एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतःची परीक्षा देता येते. पदवीनंतर मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन आहे, एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये ट्रान्स्पोर्टेशन अँड ऑटोमोबाइल डिझाइन. जागा थोड्या, स्पर्धा देशभराची. हातात रोज पेन्सिल असेल तरच या वाटेला जा.

दुसरा फाटा ब्रॅकेट, दरवाजे, वायर हार्नेस (वायरींचा जुडगा), जिग-फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवणारी साधनं) यांचं इंजिनिअरिंग डिझाइन. नोकऱ्या इथे जास्त. ड्राफ्ट्समन किंवा मेकॅनिकल डिप्लोमा, वर एखादं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर मॉडेल-ड्रॉइंग करायचं, सॉफ्टवेअर. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. टूल अँड डाय आणि कॅड-कॅमचे तिथले कोर्स मशीनजवळ उभं करून शिकवतात. आपल्या मुलांसाठी ते पुण्यापेक्षा जवळ आणि माझ्या मते जास्त उपयोगाचं.

सॉफ्टवेअरची फी भरण्याआधी घरी हे करा. फ्रीकॅड फुकट मिळतं. एक व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घ्या, रोटाव्हेटरचं एखादं ब्रॅकेट किंवा ट्रॉलीचा हूक मोजा, मॉडेल करा आणि फर्स्ट अँगल या पद्धतीने ड्रॉइंग काढा. मग ते दुसऱ्या गावच्या लेथवाल्याला पाठवा. अट एकच, फोनवर काही समजावायचं नाही. पार्ट बसला नाही तर ड्रॉइंगमध्ये काय राहिलं ते तुम्हाला दिसेल. बहुधा टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ती हद्द, राहिलेला असतो. नुसतं '२५ मिलिमीटरचं भोक' लिहिलं तर तो त्याच्या अंदाजाने करतो. २५ एच७ लिहिलं तर भोक २५.००० ते २५.०२१ च्या मध्येच असायला हवं, आणि त्याचे पैसेही तो जास्त घेईल. कुठे ते पैसे मोजायचे आणि कुठे नाही, हे कळायला लागलं की डिझाइन यायला लागलं.

काम चाकण, वाळूज, नाशिकला आहे. शिरपूरवाल्यांना उलटी दिशाही जवळची: आग्रा रोडने बिजासन घाट चढून गेलं की इंदूरच्या अलीकडे पिथमपूर. तिथल्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्यांच्या चाचणीत रस असेल तर तो भाग नजरेआड करू नका.

क्लास पारखून घ्या

'तीन महिन्यांत ईसीयू एक्स्पर्ट, नोकरीची हमी' अशी पाटी दिसली की आत जाऊन विचारा: चालू स्थितीतल्या गाड्या किती? मीटर प्रत्येकाला मिळतो की सर फळ्यावर दाखवतात? बिघाड मुद्दाम घालून शोधायला देता का? प्रमाणपत्र कोणाचं, केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं (एनसीव्हीटी, आता एनसीव्हीईटी), ऑटोमोटिव्ह स्किल कौन्सिलचं, की फक्त संस्थेचं? आधीच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला मिळेल का? टाळाटाळ झाली तर फी खिशातच ठेवा.

गावात परत येऊन धंदा

चार-पाच वर्षं बाहेर काढून शहादा, अमळनेर, चाळीसगावसारख्या गावात स्वतःचं निदान केंद्र टाकणं परवडू शकतं, कारण आसपासचे मिस्त्रीच तुमचे गिऱ्हाईक होतात. त्यांच्याकडे अडकलेली गाडी तुमच्याकडे येते, कारण सांगून तुम्ही ती त्यांच्याकडेच परत पाठवायची. फिटिंगचं काम ओढून घेतलं तर पुढची गाडी येणार नाही.

खरी अडचण पैशांची. 'भाऊ, नुसतं बघितलं, त्याचे काय पैसे?' हे ऐकावं लागतं, तेही ओळखीच्या आबा-आप्पांकडून. त्यामुळे गाडी आत घेण्याआधीच तपासणीचा आकडा सांगा, आणि काम तुमच्याकडे झालं नाही तरी तो लागेल हेही सांगा. बिलावर 'तपासणी' ही पहिली ओळ वेगळी छापा, तिच्याखाली मोजलेले आकडे लिहा: अर्थ ड्रॉप ०.८ व्होल्ट, केबल बदलल्यावर ०.१. बिल व्हॉट्सअॅपवरही पाठवा, म्हणजे गाडी ज्या मिस्त्रीने धाडली त्यालाही ते वाचता येईल.